रविवारपुरता देव

मराठी ख्रिस्ती घरातली रोजची उपासना बंद पडत चालली आहे. नाताळच्या रात्री चर्चबाहेर मांडव घालावा लागतो, सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पाय ठेवायला जागा नसते, कन्व्हेन्शनच्या सभांना दूरदूरच्या गावांहून गाड्या भरून माणसे येतात. हे सगळे दिसत असूनही आम्ही वरचे विधान करीत आहोत, आणि जबाबदारीने करीत आहोत. गर्दी मोजता येते म्हणून आपण गर्दीवर विसंबलो. घरातल्या चार माणसांनी संध्याकाळी एकत्र बसून एक भजन म्हटले की नाही, याची नोंद कोणत्याही पाळकाच्या वहीत नसते. त्यामुळे ती बैठक कधी मोडली हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

या लेखाला निमित्त मालगुंडचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याला लागून असलेले हे समुद्रकाठचे गाव केशवसुतांचे जन्मगाव. कृष्णाजी केशव दामले १८६६ साली इथे जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे त्यांचे स्मारक उभारले आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. स्मारकातले जुन्या वळणाचे घर पाहायला शाळांच्या सहली येतात, गणपतीच्या दर्शनाला आलेली कुटुंबे वाट वाकडी करून येतात, फोटो काढतात आणि पुढच्या ठिकाणाला निघतात. हे वाईट नाही. कवीचा मान राखणारे गाव भाग्यवान. पण स्मारकात उभे राहिल्यावर एक गोष्ट ठसते : कविता तोंडात असेल तोवर तिला स्मारकाची गरज नसते. ती तोंडातून गेली की मग भिंत, पाटी आणि उद्घाटन यांवर तिला भागवावे लागते.

केशवसुतांचे एक मित्र याच जिल्ह्यातले, करजगावचे. नारायण वामन टिळक, जन्म ६ डिसेंबर १८६१. दोघांची ओळख नागपुरात झाली. एकाने मराठी कवितेला नवे वळण लावले. दुसऱ्याने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी त्याच्या आईच्या भाषेतले भजन ठेवले. केशवसुत १९०५ साली हुबळीत प्लेगने गेले, टिळक १९१९ साली मुंबईत. मालगुंडच्या कवीच्या वाट्याला स्मारक आले. टिळकांच्या भजनांना आजवर त्याची गरज पडली नव्हती, कारण नगर, नाशिक, सोलापूर, सातारा, मुंबई इथल्या शेकडो घरांत ती दिवेलागणीला म्हटली जात होती. आमची भीती अशी की आता त्यांनाही स्मारक लागेल. 'उपासना संगीत' हे भजनांचे पुस्तक घरोघरच्या कपाटात जिथे जाऊन बसले आहे, ती जागा पाहिली तर त्या स्मारकाची पायाभरणी झालीच आहे, असे म्हणावे लागते.

त्या पुस्तकाची जुनी प्रत हातात घेऊन पाहावी. पुठ्ठा दोनदा बदललेला, कडा खळीने चिकटवलेल्या, नेहमीच्या भजनांची पाने बोटांच्या तेलाने पिवळी पडलेली आणि बाकीची तुलनेने कोरी. पेटीवर कोणत्या सुरात धरायचे याची पेन्सिलीने केलेली खूण. शेजारी आजीचे बायबल, आणि त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर नातवंडांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मरणे, प्रत्येक नोंद वेगळ्या शाईत. ज्या घरात हे पुस्तक रोज उघडले जात होते, त्या घराचा इतिहास त्याच पानावर लिहिला जात होता. आता शेवटची नोंद कधीची आहे ते पाहावे. पुष्कळ घरांत ती आजीच्या मरणाची असेल. आजी गेली, नोंद करणारी व्यक्ती गेली आणि पुस्तक कपाटात गेले.

आता त्याच घरात रात्री आठ वाजता डोकावू. वडील नुकतेच कामावरून आले आहेत आणि फोनवर सोसायटीच्या ग्रुपचे निरोप वाचत आहेत. मुलगा कानात बोंडे घालून क्रिकेट पाहतो आहे. मुलीचा क्लास साडेआठला सुटणार. आई कुकरची शिट्टी मोजता मोजता मालिकेकडे एक डोळा ठेवून आहे. कुणी वाईट माणूस नाही. सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर सूर्योदयाच्या चित्रावर छापलेले एक वचन आले होते, त्याला चौघांनीही जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले आहे. त्या दिवसाची त्या घराची उपासना तेवढीच. जेवताना तोंडातल्या तोंडात पुटपुटलेली प्रार्थना धरली तर आणखी दहा सेकंद.

यात बिघडले कुठे, असे कुणी विचारील. देव मनात असला म्हणजे झाले, रोज बसायलाच हवे का? या प्रश्नाला शास्त्राचे उत्तर अगदी सरळ आहे, आणि ते रविवारच्या विरुद्ध नाही, रविवारच्या आधीचे आहे. निर्गमाच्या पुस्तकात दररोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू अर्पण करायचा नेम सांगितला आहे. दानिएल बाबेलात परका असताना, जिवावर बेतलेले असताना, दिवसातून तीनदा यरुशलेमेकडच्या खिडकीशी गुडघे टेकत होता. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती रोजची, आणि वधस्तंभ उचलायला सांगितला तोही रोज, असे लूक लिहितो. पहिली मंडळी दररोज मंदिरात जमत होती आणि घरोघरी भाकर मोडत होती. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या 'दिदाखे' या छोट्या ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, असा नियम आहे. दिवसाचा नेम हा पुढे कुणा मठवाशांनी काढलेला अतिरेक नाही. ख्रिस्ती जीवनाची सुरुवातच तिथून आहे.

मान्न्याची गोष्ट आपण शब्बाथशाळेत ऐकलेली असते, पण तिचा हिशेब नीट पाहिलेला नसतो. रानात इस्राएलाला मिळणारे अन्न त्या त्या दिवशी वेचावे लागे. उद्यासाठी म्हणून ठेवले तर त्यात किडे पडत. अपवाद एकच होता. सहाव्या दिवशी दुप्पट वेचायचे, म्हणजे शब्बाथाला वेचायला जावे लागू नये. म्हणजे विसाव्याच्या दिवसाची भाकर कामाच्या दिवशीच्या वेचणीतून येत होती. आपण हा हिशेब उलटा केला आहे. आठवड्यातून एकदा दीड तास बसायचे आणि तेवढ्यावर सहा दिवस काढायचे, असे आपण ठरवले. मग बुधवारपर्यंत विश्वासाला वास मारू लागतो आणि आपण पाळकांच्या उपदेशात दम नाही म्हणून नाक मुरडतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? सहा दिवस कोरड्या राहिलेल्या शंभर घरांमधून शंभर माणसे एका छताखाली आली, तर कोरडेपणाचीच बेरीज होते. ती झाकायला मग ध्वनिक्षेपक मोठा लावावा लागतो.

या प्रांताला रोजच्या उपासनेची ताकद परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोलला छापले गेले. हजारो ओव्यांचा तो ग्रंथ देवळात आणि घरांत मोठ्याने म्हटला जाण्यासाठीच रचलेला होता. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला, तरी त्या ओव्या मेल्या नाहीत. गोव्यातून कानडी किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनी त्या सोबत नेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या. वसईचे उदाहरण तसेच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज पाद्री निघून गेले, किल्ल्यातली भव्य देवळे ओस पडली. तरी वसईचा ख्रिस्ती समाज टिकला. मोजके स्थानिक धर्मगुरू आणि संध्याकाळी घराघरात होणारी जपमाळ यांनी तो तगवला. किल्ल्यातल्या देवळांच्या कमानी आजही उभ्या आहेत, त्यांत गवत उगवले आहे. विश्वास कमानींत राहिला नव्हता. तो उंबऱ्याच्या आत राहिला होता.

केडगावच्या मुक्ती मिशनचे उदाहरण तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणीतले. दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी उचलून आणलेल्या मुली आणि विधवा तिथे राहत होत्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेची हाक दिली. सत्तरेक जणी रोज जमू लागल्या, काही महिन्यांत आकडा पाचशेच्या पुढे गेला. त्या वर्षीच्या जूनअखेरीस तिथे जे आत्मिक जागरण झाले, त्याची दखल जगभरच्या मंडळ्यांनी घेतली. आपण साक्ष देताना त्या जूनच्या रात्रीची देतो. तिच्या आधीच्या सहा महिन्यांतल्या रोजच्या बैठकींविषयी कुणी बोलत नाही. आणि रमाबाई तरी त्या एका रात्रीवर थांबल्या होत्या काय? त्यानंतरही मूळ इब्री आणि ग्रीक ग्रंथांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्या १९२२ मध्ये मरेपर्यंत करीत राहिल्या. ओळीमागून ओळ, दिवसामागून दिवस. रोजच्या उपासनेतून मिळालेली चिकाटी अशी असते.

टिळकांच्या घरची गोष्टही तीच आहे. आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी ख्रिस्ती सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या भेटीनंतर त्यांनी वाचले, पुन्हा वाचले, पत्रे लिहिली, वाद घातला, आणि मगच पाऊल उचलले, हे आपण विसरतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते बोलत. त्या पुलाची बांधणी नेमाची होती. वारकऱ्याचा हरिपाठ रोजचा असतो, एकादशीपुरता नसतो. ज्या कोकणात टिळक जन्मले त्या कोकणात तिन्हीसांजेला दिवा लागला की मुलांनी हात जोडून प्रार्थना म्हणायची असते आणि घराने ती ऐकायची असते. टिळकांनी ही नेमाची सवय ख्रिस्ताच्या चरणी आणली, तिला अभंग दिला, कीर्तन दिले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यातही त्यांची धडपड हीच होती : ख्रिस्ताची भक्ती संस्थेच्या वेळापत्रकातून सुटावी आणि माणसाच्या दिवसात मुरावी. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? कोणत्याही शाळेत धड न गेलेल्या या बाईंनी पतीच्या मागे त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरे केले. घरात रोज कानावर पडलेल्या शब्दांखेरीज त्यांच्याजवळ कोणते विद्यापीठ होते?

या परंपरेच्या वारसांनी आज रोजच्या उपासनेला वेळ नाही म्हणावे, यावर आमचा विश्वास बसत नाही. वेळ खरेच कमी आहे, हे मान्य. विरारहून चर्चगेटला उभ्याने जाणाऱ्याला, चाकणच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याला, रात्रपाळीच्या परिचारिकेला दिवस पुरत नाही. पण पंधरा मिनिटे नसलेला माणूस फोनवर किती वेळ घालवतो, हे त्याचा फोनच त्याला दर आठवड्याला सांगतो. तेव्हा कारण दुसरे आहे, आणि ते स्पष्ट बोललेले बरे.

रोजची उपासना अडचणीची असते. रविवारी चर्चमध्ये माणूस कोपऱ्यातला बाक निवडू शकतो. घरात बाक निवडता येत नाही. दुपारी ज्या बायकोवर हात उगारला तिच्यासमोर संध्याकाळी क्षमेचा अध्याय वाचायचा, म्हणजे जीभ अडखळते. ज्या सुनेला हुंड्यावरून टोमणे मारले तिने प्रार्थना करावी आणि सासूने आमेन म्हणावे, हे जड जाते. वडिलोपार्जित जमिनीवरून कोर्टात उभे असलेले दोन भाऊ एका चटईवर बसू शकत नाहीत. वेदीपाशी अर्पण आणताना भावाचे काही आपल्याविरुद्ध आहे असे आठवले तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन रविवारी कानावरून जाते. रोजच्या बैठकीत ते मानेवर बसते. आपण उपासना सोडली ती वेळेअभावी नाही, या बोचणीपायी सोडली, असे आमचे मत आहे.

हे मत कठोर वाटेल, तर महाराष्ट्रातल्या मंडळ्यांच्या कारभाराकडे पाहा. मिशनच्या जुन्या जमिनींवरून दावे, निवडणुकांत गट, सभांत हमरीतुमरी, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली असे आपण म्हणतो ती जात सोयरीक जुळवताना पुन्हा डोके वर काढते. ही माणसे रविवार चुकवत नाहीत. आमोस संदेष्ट्याने म्हटलेच आहे की देवाला असल्या सणांचा आणि गाण्यांचा वीट येतो, त्याला न्याय पाण्यासारखा वाहताना हवा असतो. काही मंडळी याच आमोसचा आधार घेऊन म्हणतात : उपासनेपेक्षा सेवा महत्त्वाची, आम्ही शाळा-दवाखान्यांत देव पाहतो. त्यांना आम्ही एवढेच सांगू की ज्या रमाबाईंनी आयुष्यभर सेवाच केली, त्यांच्या आश्रमात प्रार्थनेची घंटा चुकत नव्हती. सेवेला उपासनेचा आधार नसला की सेवेची संस्था होते, संस्थेची मालमत्ता होते, आणि मालमत्तेचा दावा होतो. हा प्रवास आपण डोळ्यांनी पाहिला आहे.

आणखी एक संधी आपण अलीकडेच घालवली. मार्च २०२० मध्ये प्रार्थनास्थळे बंद झाली. त्या नोव्हेंबरात उघडली, पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडली. इतका काळ घर हेच चर्च होते. पाळकांनी मोबाईल उभा करून उपदेश पाठवले, लोकांनी ते पाहिले. पाहिले, हा त्यातला धोका होता. चहाचा कप हातात, पाय खुर्चीवर, कंटाळा आला की पुढचे सरकवायचे. घराला उपासना करायला शिकवण्याऐवजी आपण घराला प्रेक्षक व्हायला शिकवले. चर्चची दारे उघडली तेव्हा तीच सवय आत आली : वर मंचावर चार जण गातात, खाली बाकीचे पाहतात.

हे असेच चालले तर पुढे काय होते, हे सांगायला ज्योतिषी नको; स्कॉटलंडकडे पाहावे. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी याच रत्नागिरी जिल्ह्यात बाणकोटला उतरले. थोड्याच काळात हर्णैलाही त्यांचे ठाणे झाले आणि १८२९ मध्ये जॉन विल्सन यांनी तिथेच मराठीचे धडे घेतले. ही माणसे ज्या देशातून आली, त्या स्कॉटलंडच्या चर्चच्या जनरल असेंब्लीने १६४७ मध्ये कौटुंबिक उपासनेचे नियम घालून दिले होते. घरात रोजची उपासना न चालवणाऱ्या कुटुंबप्रमुखाला आधी समज द्यावी, आणि ऐकले नाही तर प्रभुभोजनापासून दूर ठेवावे, इतके ते कडक होते. अशा घरांतून निघालेली माणसे सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून कोकणच्या तापात येऊन राहिली. आज त्याच स्कॉटलंडचे चर्च आपल्या इमारती एकामागून एक विकते आहे. २०२२ च्या जनगणनेत तिथल्या ५१.१ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नाही असे नोंदवले. २०११ मध्ये हा आकडा ३६.७ टक्के होता. याला कारणे अनेक आहेत, एकट्या घरच्या उपासनेवर सगळे खापर फोडता येणार नाही. पण क्रम लक्षात घ्यावा. आधी घरातली चटई गुंडाळली गेली. चर्चच्या दारावर विक्रीची पाटी फार नंतर लागली.

आपली गोष्ट तर आणखी नाजूक. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यात मराठीतून उपासना करणारे आणखी थोडे. कोकणात तर एखाद्या तालुक्याच्या गावी बदलीवर आलेले ख्रिस्ती कुटुंब कित्येकदा एकटेच असते. शिक्षक, बँकेतला कारकून, आरोग्य केंद्रातली परिचारिका. जवळचे चर्च रत्नागिरीला, एसटीने जायचे तर दिवस मोडतो, पावसाळ्यात घाट आणि खाड्या आडव्या. अशा कुटुंबाचा विश्वास रविवारवर अवलंबून असेल, तर तो पहिल्याच आषाढात वाहून जाईल. त्याच्या घरात रोजचा नेम असेल, तर मालगुंडच्या भाड्याच्या दोन खोल्यांतही मंडळी उभी राहते. मोठ्या शहरातल्या ख्रिस्ती माणसाने आपल्याला हे लागू नाही असे समजू नये. मुले पुण्यात, बंगळूरला, कॅनडात जात आहेत. तिथे त्यांना मराठी चर्च मिळेलच असे नाही. बॅगेत लोणच्याची बरणी देताना आपण त्यांच्या तोंडात एक तरी भजन, एक तरी स्तोत्र दिले आहे काय?

उपाय अवघड नाही, पण तो कुणी दुसऱ्याने करायचा नाही. घरात एक वेळ ठरवावी. सकाळची जमली तर उत्तम, नाही तर रात्री जेवणाआधीची. फोन दुसऱ्या खोलीत. एक भजन, एक उतारा, एक प्रार्थना, एवढ्याला पंधरा मिनिटे पुरतात. उतारा आळीपाळीने वाचावा. वडिलांनीच वाचावे असे काही नाही, आणि आजीवर सोपवून बाकीच्यांनी मोकळे व्हावे असे तर मुळीच नाही. आजीच्या खांद्यावर टाकलेला विश्वास आजीबरोबर कबरस्थानात जातो, हे आपण पाहिले. प्रार्थनेत माणसांची नावे घ्यावीत : शेजारचा आजारी, नोकरी गेलेला पुतण्या, ज्याच्याशी बोलणे बंद आहे तो भाऊ. नाव घेतले की दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जावे लागते, म्हणून नाव घ्यावे. पाळीमुळे सगळे एकत्र येत नसतील तर दोघे जमतात ते पुरेत. दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले तिथे मी आहे, असे म्हणणाऱ्याने कोरमची अट घातलेली नाही. आणि कुणी एकट्याच राहणाऱ्या म्हाताऱ्या असतील, तर शेजारच्या ख्रिस्ती घराने त्यांना रोज आपल्यात ओढून घ्यावे.

पाळकांना आमचे सांगणे थोडे वेगळे आहे. घरभेटीला गेल्यावर वर्गणीची पावती फाडण्याआधी 'तुमच्या घरात उपासना केव्हा होते?' असे विचारा. 'होते की नाही' असे विचारू नका. दर रविवारी पुढच्या सात दिवसांचे उतारे छापून किंवा निरोपाने द्या, आणि पुढच्या रविवारचा उपदेश त्यांतूनच करा. शब्बाथशाळेत वर्षाला किमान बारा मराठी भजने मुलांच्या तोंडपाठ करा. हिंदी-इंग्रजी गाण्यांशी आमचे भांडण नाही, पण पडद्यावरचे शब्द गेले की ज्याचे गाणे बंद पडते, त्याला गाणे येते असे म्हणता येणार नाही. जुन्या चाली ज्यांना येतात ती माणसे सत्तरी ओलांडलेली आहेत. त्यांना बसवून त्या चाली ध्वनिमुद्रित करून घ्या, या वर्षी करा. पण ध्वनिफीत करून कपाटात ठेवली तर पुन्हा स्मारकच झाले, हेही विसरू नका. आणि सर्वांत आधी स्वतःच्या घरातली बैठक सुरू करा. पाळकाच्या घरात जे होत नाही ते मंडळीच्या घरात व्हावे, ही अपेक्षा उंटावरून शेळ्या हाकण्याची आहे.

सुरुवातीला हे कृत्रिम वाटेल. मुले तोंडे वाकडी करतील, मोठ्यांना लाज वाटेल, दुसऱ्या आठवड्यात खंड पडेल. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर दहाव्या दिवशी जो बसेल, त्याचीच उपासना सुरू झाली असे समजावे. मन लागत नाही म्हणून बसत नाही, ही सबब चालणार नाही. भूक नसली तरी आजारी माणसाला आपण दोन घास भरवतोच. आणि उपासनेला मन लागत नाही हेच आजारपणाचे पहिले लक्षण आहे.

वाचकहो, येत्या नाताळाची तयारी आता सुरू होईल. रोषणाई, गायनाच्या तालमी, करंज्यांचे बेत ठरतील. त्याआधी एक काम करा. आज रात्री कपाटातले 'उपासना संगीत' बाहेर काढा, त्यावरची धूळ पुसा, घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला त्यातले एक भजन निवडायला सांगा आणि सगळ्यांनी ते पूर्ण म्हणा. उद्या पुन्हा म्हणा. परवाही. मराठी ख्रिस्ती मंडळीचे पुढच्या पन्नास वर्षांचे भवितव्य कोणत्याही सिनडच्या ठरावावर अवलंबून नाही. ते या तीन दिवसांवर, आणि त्यांच्यापुढच्या चौथ्यावर अवलंबून आहे.